टीव्ही मालिकेचं विडंबन: आठ मिनिटांचं स्किट कसं लिहावं आणि कसं बसवावं

गणपतीतला मांडव, कॉलेजचं गॅदरिंग, सोसायटीची कोजागरी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी. स्किट सगळीकडे लागतं, आणि बहुधा ते टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेचं विडंबन असतं. पहिली दोन मिनिटं ते रंगतं आणि मग लोक भेळेच्या गाडीकडे बघायला लागतात. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: लिहिणाऱ्याने मालिकेतली माणसं उचललेली असतात, मालिकेच्या सवयी उचललेल्या नसतात. खलनायिकेचा आवाज हुबेहूब काढला की ओळख पटल्याचा हशा येतो. तो एकदाच येतो. उरलेली सहा मिनिटं कशावर काढायची, याचं उत्तर नकलेत नसतं.

उत्तर असं आहे. मालिकेची एक सवय घ्या आणि ती घरातल्या अगदी क्षुल्लक प्रश्नाला लावा. प्रश्न जितका छोटा आणि वागणं जितकं गंभीर, तितका हशा मोठा. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ पासून सिनेमे आणि मालिकांची विडंबनं पूर्ण वेशभूषेसह करत आलं, तर २०१८ला सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चा भर घर, चाळ, नातेवाईक यांच्यावर जास्त. हौशी मंडळींनी दुसऱ्याकडून विषय घ्यावा आणि पहिल्याकडून साचा. दोन्ही एकाच कार्यक्रमाकडून घेतलंत की तुमचं स्किट त्या कार्यक्रमाचीच नक्कल होतं, आणि मूळ नट तुमच्यापेक्षा बरे असतात.

मालिका निवडताना

स्किटमध्ये नसलेल्या दहा जणांना मालिकेचं नाव न सांगता तिचा एक प्रसंग करून दाखवा. किमान सात जणांनी ओळखली नाही तर ती मालिका सोडून द्या, तुम्हाला कितीही आवडत असली तरी. प्रेक्षकांत आजी-आजोबा आणि नववीतली मुलं एकत्र बसणार असतील तर ठरावीक मालिका न घेता प्रकार घ्या: सासू-सुनेची दैनंदिन मालिका, वृत्तवाहिनीवरची रात्रीची चर्चा, गाण्याची स्पर्धा, पाककृतीचा कार्यक्रम. ‘होम मिनिस्टर’ २००४ला सुरू झालं. भावोजी, खेळ आणि पैठणी एवढं म्हटलं की तीन पिढ्यांना पुढचं सांगावं लागत नाही. नुकत्याच गाजलेल्या मालिकेवरचं स्किट मात्र वर्षभरात शिळं होतं, पुढच्या गणपतीत ते परत काढता येत नाही.

मग निवडलेल्या मालिकेचे तीन भाग वही-पेन घेऊन बघा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण २० ते २२ मिनिटांचा मजकूर असतो, म्हणजे तासाभराचं काम आहे. पहिला भाग सरळ बघा. दुसरा आवाज बंद करून बघा: कोण कुठे उभं राहतं, कोण दाराआड ऐकतंय, सगळे एका रांगेत तोंडं पुढे करून का बोलतायत, हे तेव्हाच दिसतं. तिसऱ्या भागाला टीव्हीकडे पाठ फिरवून बसा आणि फक्त ऐका. पार्श्वसंगीताचा दणका कुठे बसतो, कोण मनातलं मोठ्याने बोलतं, एकच वाक्य किती वेळा परत येतं, ते लिहा.

दैनंदिन मालिकेच्या वहीत बहुधा हे सापडेल: एका वाक्यावर चार चेहऱ्यांवर कॅमेरा जाणं, मध्यरात्रीही अंगावर पूर्ण दागिने, दाराआडचं ऐकणं, दोन मिनिटांपूर्वीच्या प्रसंगाचा फ्लॅशबॅक, एक दिवस आठवडाभर पुरणं, ‘यापुढे ही भूमिका करणार’ म्हणून अचानक बदललेला चेहरा, महाएपिसोड, आणि ‘पुढील भागात’ मध्ये दाखवलेलं पुढच्या भागात न घडणं. यातल्या तीन सवयी निवडा. चार घेतल्यात तर एकही नीट वाढत नाही, आणि एकाच सवयीवर आठ मिनिटं निघत नाहीत.

विषय हातात धरता आला पाहिजे

‘महागाई’, ‘पिढ्यांमधलं अंतर’, ‘मोबाइलचं वेड’ हे निबंधाचे विषय आहेत. स्किटला वस्तू लागते: कुकर, टीव्हीचा रिमोट, लिफ्टमध्ये सापडलेली एक चप्पल, एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल, फ्रीजमधला शेवटचा आमरस, परत न आलेला स्टीलचा डबा. वस्तू असली की नटाच्या हाताला काम मिळतं, भांडण डोळ्यांना दिसतं आणि मागच्या रांगेत संवाद नीट पोचला नाही तरी काय चाललंय ते कळतं.

खाली कुकर घेतला आहे. सासू-सुनेच्या मालिकेचा साचा, आणि प्रश्न एवढाच: शिट्ट्या किती झाल्या?

आई : सूनबाई, किती झाल्या?
सून : तीन, आई.
(दणका. बाबा वळतात. दणका. काकू वळतात. दणका. आई वळतात.)
आई : मी चार मोजल्या.
सून : चौथी आपली नव्हती, आई. शेजारची होती.
(परत तीन दणके, तीन चेहरे.)
काकू : (प्रेक्षकांकडे) आता यांना कसं सांगू, की दुसऱ्या शिट्टीनंतर गॅस बंद केला… मी!
बाबा : (शेजारीच उभे) काय म्हणालीस?
काकू : मनात बोलतेय, भावोजी.
बाबा : बरं. (पेपर वाचू लागतात.)

या दहा-बारा ओळींत एकही नट ‘विनोदी’ बोलत नाही. आई खरोखर हादरलेल्या आहेत, सून खरोखर घाबरलेली आहे. बाबांचं ‘बरं’ म्हणणं हा पंच आहे, कारण घरातली मनात बोलण्याची पद्धत त्यांना मान्य आहे. त्यांनी तिथे डोळे मोठे केले, प्रेक्षकांकडे बघून खांदे उडवले, की हशा निम्म्यावर येतो. विडंबनात नटाला आपण विडंबन करतोय हे माहीत असल्याचं दिसता कामा नये.

पायऱ्या चढवा

निवडलेली सवय जशीच्या तशी तीनदा केली तर तिसऱ्यांदा कोणी हसत नाही. प्रत्येक वेळी तिने एक पायरी वर गेलं पाहिजे. चेहऱ्यांच्या दणक्याचं घ्या. पहिल्यांदा तीन दणके आणि तीन माणसं, म्हणजे लोकांना नियम कळतो. दुसऱ्या फेरीत चौथा दणका येतो आणि वळणारं माणूस शिल्लक नसतं, म्हणून सगळे भिंतीवरच्या आजोबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघतात. तिसऱ्यांदा सून नुसतं ‘चहा टाकू का?’ विचारते आणि दणका येतो. आता सगळे इकडेतिकडे शोधतात, आई विचारतात, ‘हे वाजवतंय कोण?’ नियम शिकवा, ताणा, मोडा. दाराआडून ऐकण्याचंही तसंच: आधी एक जण दाराआड, मग त्याच दाराआड तिघे दाटीवाटीने, शेवटी सगळं घर दाराआड आणि खोलीत बोलायला कोणीच नाही.

आठ मिनिटांचा हिशोब असा बसतो. पहिल्या ३० सेकंदांत कार्यक्रम कोणता आणि भांडण कशाचं, दोन्ही कळलं पाहिजे, आणि पहिला हशाही त्यातच यायला हवा. शीर्षकगीत वाजवायचं तर १० सेकंद, जास्त नाही. दीड मिनिटाचं शीर्षकगीत आणि त्यावर सगळ्यांच्या ओळखीच्या एन्ट्र्या हा हौशी स्किटचा सगळ्यात मोठा घात आहे. दुसऱ्या ते पाचव्या मिनिटापर्यंत तिन्ही सवयी आळीपाळीने चढवत न्या. पाचव्याच्या आसपास बाहेरचा माणूस आणा, ज्याला या घराचे नियम माहीत नाहीत: गॅसवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू. प्रेक्षकांच्या मनातला प्रश्न तोच विचारतो. सातव्या मिनिटाला सगळ्या सवयी एकत्र आदळू द्या. शेवट लांबवू नका. या स्किटला ‘पुढील भागात’ सोयीचं पडतं: काकू अटकेत, बाबांची स्मृती गेलेली, कुकर कोर्टात. मग अंधार, आणि अंधारात एक शिट्टी.

शेवटी कोणीतरी पुढे येऊन ‘म्हणून मित्रांनो, घरात एकोप्याने राहा’ म्हणायची चाल अजून आहे. ती मोडा. आठ मिनिटं कमावलेलं त्या एका वाक्यात जातं.

संवादांचे शब्द ९०० ते १००० ठेवा. मिनिटाला साधारण १२० शब्द हा रंगमंचावरचा वेग आहे, हशा आणि हालचाली त्यातच धरून. १४०० शब्दांचं लिहून ‘भरभर बोलू’ असं ठरवणारे गट हमखास बारा मिनिटांवर जातात.

वाक्य फिरवून बघा

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द मध्ये अडकतो आणि त्यावरून ‘आहे’, ‘होता’, ‘म्हणे’ घरंगळत जातात. ‘त्यांच्या टाकीत काल मासा सापडला म्हणे’ यावर कोणी हसणार नाही, कारण हसायच्या जागी नट अजून बोलतोच आहे. ‘काल म्हणे त्यांच्या टाकीत सापडला… मासा’ म्हणा. शब्दांची जागा बदलायची मोकळीक मराठीइतकी सगळ्या भाषांत नाही, ती वापरा. तालमीच्या पहिल्या वाचनात प्रत्येक पंचाचा शब्द अधोरेखित करा आणि त्यानंतर काही उरलं असेल तर ते अलीकडे ओढा किंवा छाटा.

नेमकेपणाही हसवतो. ‘खूप दिवसांपासून’ पेक्षा ‘संकष्टीपासून’ चांगलं, ‘नातेवाईक’ पेक्षा ‘इचलकरंजीच्या मावशी’ चांगल्या. बोली वापरायची तर जी नटाच्या घरात बोलली जाते तीच वापरा. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी लोकांना भावते ती तिचा हेल खरा आहे म्हणून. पुण्यात वाढलेल्या मुलाने चार ‘बे’ आणि दोन ‘काहून’ टाकून केलेली वऱ्हाडी नागपूरच्या प्रेक्षकाला लगेच खुपते.

पुरुषाने साडी नेसणं हे तमाशाच्या गवळणीतल्या मावशीपासून चालत आलेलं आहे, त्यात काही गैर नाही. पण साडी हाच विनोद असेल तर तो पदर सावरेपर्यंत टिकतो. मावशी चालते ती तिच्या जिभेमुळे; कृष्णाला ती अडवते, उलट विचारते. बाईच्या भूमिकेत पुरुष घालायचाच तर त्या बाईला हट्ट द्या, काहीतरी हवंसं द्या. रंग, जाडी, टक्कल यांवरचे विनोद लिहायला सोपे असतात म्हणूनच सगळीकडे असतात. आणि सोसायटीतल्या खऱ्या भांडणाचं, खऱ्या थकबाकीदाराचं स्किट करू नका. त्या रात्री हशा मिळेल, पुढच्या सर्वसाधारण सभेत त्याची किंमत मोजावी लागेल.

तालीम

नट चार किंवा पाच. सहावा आला की कोणीतरी नुसतं उभं राहतं, आणि मंचावर नुसतं उभं राहिलेलं माणूस लक्ष खातं. ‘माझ्या मुलालाही घ्या’ असं म्हणणाऱ्यांसाठी फोटोतल्या आजोबांची भूमिका राखून ठेवा. ती बसून करायची असते आणि हशा हमखास मिळतो.

सहा तालमी पुरतात. पहिली बसून वाचनाची, घड्याळ लावून. जिथे वाचतानाच कोणाला हसू येत नाही ते वाक्य बहुधा मंचावरही पडतं. त्याला दुसऱ्या तालमीपर्यंत संधी द्या, मग काढा. दुसरी-तिसरी उभ्याने, हालचाली ठरवण्यासाठी. तिसऱ्या तालमीला संहिता हातातून गेली पाहिजे. चौथ्यापासून आवाज आणि प्रॉपर्टीसह, म्हणजे मंचावर लागणाऱ्या वस्तूंसह. पाचवी बाहेरच्या पाच-सहा माणसांसमोर करा. सहावी शक्यतो खऱ्या मंचावर, माइक चालू असताना.

दणक्याला चेहरा वळवणं सोपं वाटतं, तिथेच गडबड होते. सगळ्यांनी एकाच बाजूने वळायचं, दोन दणक्यांमध्ये एक सेकंद, आणि वळून झालं की पापणीही हलवायची नाही. एकाने आधी वळलं की नियम लोकांना कळत नाही आणि पुढच्या दोन पायऱ्या फुकट जातात. सगळ्या तालमींत मिळून सर्वांत जास्त वेळ यालाच द्या.

हशा आला की पुढचं वाक्य कधी घ्यायचं? हशा पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर पोकळी पडते, लगेच बोललात तर वाक्य बुडतं आणि पुढच्या वेळी लोक ऐकू येण्यासाठी हसणं आवरतात. हशा चढतो, टिकतो, उतरायला लागतो. उतरायला लागला की बोला. तालमीत कोणी हसत नसतं, म्हणून एकाला मुद्दाम टाळ्या वाजवायला बसवा. हशा आला नाही तर? थांबू नका, तेच वाक्य परत म्हणू नका, पुढे चला.

मंचावर नटाला स्वतःला हसू फुटणं प्रेक्षकांना आवडतं, असा समज टीव्हीमुळे पसरलाय. तिथे नट रोजचे ओळखीचे असतात, म्हणून ते खपतं. तुमच्या मांडवात ते एकदा चालेल. ॲडिशनचंही, म्हणजे संहितेबाहेरच्या वाक्यांचंही, तसंच: तालमीत हव्या तेवढ्या घ्या, चांगल्या असतील त्या लिहून टाका. प्रयोगात ऐन वेळी घेतलेली ॲडिशन समोरच्याचा क्यू, म्हणजे त्याला बोलायची खूण, खाते, आणि ध्वनी सांभाळणारा कागदावर बोट ठेवून ताटकळत बसतो.

आवाज, माइक, कुकर

विडंबनाचा निम्मा पंच ध्वनीत असतो, आणि ते काम शेवटच्या दिवशी कोणाच्या तरी गळ्यात मारलं जातं. त्या माणसाला पहिल्या तालमीपासून बसवा. त्याच्या प्रतीत प्रत्येक क्यूला क्रमांक द्या आणि फायलींना तीच नावं द्या: ०१ शीर्षक, ०२ दणका, ०३ शिट्टी. फाइलच्या सुरुवातीला बहुधा अर्धा सेकंद शांतता असते, ती कापून टाका, नाहीतर दणका चेहऱ्यानंतर येतो. ब्लूटूथ वापरू नका. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. गाण्याला ते चालतं, पंचाला नाही. वायर लावा. फोनवरून वाजवत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका, कारण ऐन रंगात आलेला कॉल सगळ्या मांडवाला ऐकू जातो. तबलजी किंवा ढोलकीवाला मिळाला तर लॅपटॉप बाजूला ठेवा. वाजवणारा नटाकडे बघून वाजवतो.

मांडवात बहुधा दोन-तीन स्टँड माइक मिळतात. ते मंचाच्या पुढच्या कडेला ठेवा आणि हालचाली त्यांच्याभोवती बसवा: बोलणारा माइककडे येतो, ऐकणारा मागे सरकतो. मालिकेतही सगळे तोंडं पुढे करून बोलतात, त्यामुळे ही अडचण इथे कामाला येते. कॉलर माइक लावलाच तर तो मंगळसूत्राला घासणार नाही एवढं बघा.

शिट्टी रेकॉर्ड केलेलीच वाजवा. मंचावर रिकामा कुकर ठेवा आणि झाकणाची रबरी रिंग काढून ठेवा, म्हणजे ते एका हाताने झटकन उघडतं. नाहीतर कळसाध्यायाला काकू झाकणाशी झटापट करत बसतात. दागिने भडक हवेत, साडी आधी शिवून घेतलेली बरी. नेपथ्य एक दार, एक टेबल, एक फोटो. सोफा आणू नका. त्यावर नट बसतात आणि बसलेला नट तिसऱ्या रांगेपासून मागे दिसत नाही.

परवानग्या आणि चित्रीकरण

तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ऐन वेळचं काम नाही ते. मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक रात्री १० नंतर बंद, गणपतीतले सवलतीचे दिवस वगळता. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत स्किट शेवटी लावू नका. भाषणं आणि बक्षीस समारंभ लांबतात आणि कात्री स्किटला लागते.

मालिकेचं मूळ शीर्षकगीत वाजवून व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर गाण्याच्या मालकाचा दावा आपोआप लागू शकतो. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी सूट आहे, पण विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. त्यापेक्षा पेटीवर दोन ओळींची स्वतःची चाल बसवा. तिच्यात कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, मूळ गाण्यात येत नाहीत.

चित्रीकरण करताना एक फोन मंचासमोर आणि दुसरा प्रेक्षकांच्या मध्ये, फक्त आवाजासाठी ठेवा. पुढच्या प्रयोगाआधी हा दुसरा आवाज संहितेसमोर धरून ऐका. हशा आला तिथे खूण करा, पंच असून शांतता होती तिथे फुली मारा. दोन खुणांमध्ये ४० सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं असेल तर मधला मजकूर कापा.